सोप्याच्या पुढचें: लीव्हर हार्पच्या पाठ्यसंगीताचा विचार

कोणत्याही कलेच्या शिक्षणांत पहिल्या पुस्तकाची काळजी सर्वजण घेतात व शेवटच्या पुस्तकाची कीर्ति सर्वजण गातात. मधल्या पुस्तकाकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मुळाक्षरें कशीं शिकवावींत याविषयीं वाद होतात, महाकाव्यांवर टीकाग्रंथ लिहिले जातात. पण अक्षरें जुळवून वाचूं लागलेल्या मुलाच्या हातीं त्यानंतर काय द्यावें हा प्रश्न बहुधा दैवावर सोपविलेला असतो. वास्तविक तें मूल पुढें वाचक होणार कीं नुसतें साक्षर राहणार, याचा निकाल त्या मधल्या पुस्तकाशींच लागत असतो. वाद्यसंगीताची स्थिति याहून निराळी नाहीं. पहिलें वर्ष नावीन्याच्या बळावर निघून जातें; तयार वादकाला स्वतःच्या कलेचाच आधार असतो; खरी पडझड होते ती या दोहोंच्या मध्यें, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं. त्या वेळीं विद्यार्थ्यापुढें कोणती रचना ठेवावी, ती किती कठीण असावी, आणि मुख्य म्हणजे कोणत्या प्रकारें कठीण असावी, हा प्रश्न आपण शिक्षकांच्या सोयीचा समजतों. आमच्या मतें तो रसिकतेचा, म्हणजेच टीकेचा प्रश्न आहे. आणि हें मत एका विशिष्ट वाद्याच्या उदाहरणानें तपासून पाहावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हें वाद्य म्हणजे लीव्हर हार्प. आमच्या परिचयाचें एक मराठी कुटुंब बरींच वर्षें स्कॉटलंडांत राहत आहे. हार्पला तेथें 'क्लार्सॅख' म्हणतात, आणि १९३१ सालीं स्थापन झालेल्या क्लार्सॅख सोसायटीसारख्या संस्थांच्या खटपटीनें या जुन्या वाद्याला त्या देशांत पुन्हां चांगले दिवस आले आहेत. या कुटुंबांतील मुलीनें तें हातीं घेतलें, दोन वर्षें आवडीनें वाजविलें, आणि तिसऱ्या वर्षीं एकाएकीं त्यावर कापड टाकून ठेवलें. तें कापड कां पडलें व पुढें कसें निघालें हें जवळून पाहण्याचा योग आम्हांस आला. त्यांतूनच हा विचार सुरू झाला.

हार्प हा शब्द परका असला तरी वस्तु आपणांस अगदींच अनोळखी नव्हे. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यावर तो राजा जी वीणा वाजवीत बसलेला दिसतो ती आजची भोपळ्याची वीणा नव्हे. ती धनुष्याकृति, मोकळ्या तारांची, हार्पच्याच कुळांतली वीणा आहे. आपल्याकडे तें कूळ पुढें लोपलें. आजच्या वाचकाला जवळचा दाखला द्यावयाचा तर स्वरमंडळाचा देतां येईल: प्रत्येक स्वराला एक स्वतंत्र तार, आणि बोटानें तार दाबून दुसरा स्वर काढण्याची सोय नाहीं. स्वरमंडळ गायकाच्या मांडीवर असतें. हार्प वादकाच्या उजव्या खांद्याला टेकून उभी असते, आणि करंगळी वगळून दोन्ही हातांचीं चार चार बोटें तिच्या तारा छेडतात. तारांच्या गर्दींत वाट चुकूं नये म्हणून 'सी' स्वराच्या तारा तांबड्या व 'एफ्'च्या काळ्या किंवा निळ्या रंगविलेल्या असतात.

वाद्यवृंदांतील मोठ्या हार्पला ४७ तारा व सात पेडलें असतात. एक पेडल पायानें दाबलें कीं त्या नांवाच्या सर्व सप्तकांतील तारा एकदम अर्ध्या स्वरानें चढतात. लीव्हर हार्प हिच्याहून लहान. तारा बहुधा ३४ च्या आसपास, आणि प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशीं एक छोटासा लीव्हर. तो वर केला कीं तेवढी एकच तार अर्ध्या स्वरानें चढते. हें वाद्य सामान्यतः कोमल 'ई'च्या मेजर सप्तकांत लावतात. त्यामुळें तीन कोमल स्वरांच्या सप्तकापासून चार तीव्र स्वरांच्या सप्तकापर्यंत एकंदर आठ मेजर सप्तकें त्यावर मिळतात. परंतु लीव्हर फिरवावयाचा तो हातानेंच, आणि तोही बहुधा डाव्या; म्हणजे तेवढा वेळ तो हात तारांवरून उचलावा लागतो. ही गोष्ट वाचकानें ध्यानांत ठेवावी, कारण या वाद्यासाठीं रचना निवडतांना पदोपदीं ती आडवी येते.

या वाद्याचा पहिला अवगुण म्हणजे त्याचें सौजन्य. नवशिक्याच्या हातीं व्हायोलिन पडलें कीं शेजाऱ्यांस तत्काळ वार्ता लागते. हार्पच्या तारांवरून मांजर चालत गेलें तरी क्षणभर कान टवकारावेसे वाटतात. तारा आधींच लावलेल्या असतात, तेव्हां बेसूर होण्याची भीति नाहीं. एक तार छेडली कीं तिच्या संगतीनें दुसऱ्या गुणगुणूं लागतात, तेव्हां एकटा स्वरही पोरका वाटत नाहीं. परिणामीं सहा महिन्यांचा विद्यार्थी घरच्या मंडळींस माना डोलवावयास लावतो. प्रारंभीं हें वरदानच असतें. पुढें मात्र त्याचाच शाप होतो. कारण चूक झाली तरी ती गोडच ऐकूं येते, आणि आपण कोठें अडलों आहों हें विद्यार्थ्याला वाद्य सांगत नाहीं. शिक्षणाचीं कित्येक पुस्तकें या सौजन्याचा पुरेपूर फायदा घेतात. उजव्या हाताला चार-पांच स्वरांची सोपी चाल, डाव्या हाताला तेच ते तीन स्वर एकामागून एक, आणि वर चांदणें, झरा, पऱ्या अशांपैकीं एखादें नांव. पहिल्या दहा पानांस हें शोभतें. पण चाळिसाव्या पानावरही तेंच असेल, फक्त चाल दोन ओळींऐवजीं चार ओळींची झाली असेल, तर त्याला प्रगति म्हणतां येत नाहीं. तो नुसता विस्तार झाला. गोडाधोडानें पोट भरतें आणि भूक मरते, तशांतलाच हा प्रकार.

याच्या उलट टोकाला दुसरा प्रकार आहे. सोप्याचा कंटाळा आला कीं एकदम जगप्रसिद्ध रचनेवर उडी घ्यावयाची, आणि मूळ रचना झेंपत नाहीं म्हणून तिची 'सोपी आवृत्ति' हातीं धरावयाची. 'पी हळद नि हो गोरी' अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें तर हळदही पातळ केलेली असते.

मासल्यासाठीं बेथोव्हेनची 'फ्यूर एलीझे' ही पियानोची रचना घ्या. तिच्या आरंभीं 'ई' आणि तीव्र 'डी' हे लगतचे दोन स्वर हेलकावे घेतात, आणि हेलकावा थांबतो न थांबतो तोंच शुद्ध 'डी' येतो. पियानोवर तीव्र 'डी'ची व शुद्ध 'डी'ची पट्टी निराळी. बोट एकीवरून दुसरीवर गेलें कीं काम झालें. हार्पवर दोहोंना तार एकच. म्हणजे लीव्हर वर ठेवून वाजवावयाचें, पापणी लवण्याच्या आंत तो खालीं आणून तीच तार पुन्हां छेडावयाची, आणि ओळ परत आली कीं सारें पहिल्यापासून. शिवाय जी तार अजून थरथरत आहे तिच्यावरच बोट परत ठेवावें लागतें, त्यामुळें खरखर उठते ती वेगळीच. त्या क्षणीं डावा हात रिकामा असतो, म्हणून हें अशक्य नाहीं. निष्णात वादक तें सफाईनें करतातही. पण शिकाऊ विद्यार्थ्याचें सारें लक्ष खर्च होतें तें या कसरतीवर. आणि ती साधली तरी ऐकणाऱ्याच्या पदरीं काय पडतें? पियानोवर जें सहज होतें तें येथेंही जवळजवळ झालें, एवढेंच. ही कठीणता वाद्याच्या पोटांतून आलेली नाहीं. ती बाहेरून आणून त्याच्या गळ्यांत बांधली आहे.

पाखेलबेलच्या (१६५३–१७०६) प्रसिद्ध 'कॅनन'ची अडचण निराळी. ती तीन व्हायोलिनें व खर्ज यांसाठीं लिहिलेली रचना. खर्जाचे आठ स्वर २८ वेळां तसेच्या तसे फिरतात. मौज सारी आहे ती तिन्ही व्हायोलिनें एकच चाल थोड्या थोड्या अंतरानें उचलून एकमेकांचा पाठलाग करतात त्यांत. शिकाऊ हार्पवादकासाठीं तिचा संक्षेप करतांना पाठलाग गळतो आणि खर्ज उरतो. बोटांना त्रास नाहीं, कानाला गोड लागतें, सभेंत टाळ्या पडतात. पण डावा हात एकच गोष्ट अठ्ठावीस वेळां शिकतो, आणि जिच्यासाठीं ही रचना रचली गेली ती गोष्ट विद्यार्थ्याला भेटतच नाहीं. एकीकडे अनाठायीं कष्ट, दुसरीकडे अनाठायीं सोय. दोहोंतही मोठ्या नांवाचा मोह तेवढा समान.

या दोन उदाहरणांवरून आमचें म्हणणें मांडतां येईल. पाठ्यरचना किती कठीण आहे हें विचारण्यापूर्वीं ती कशांत कठीण आहे हें विचारलें पाहिजे. हार्पची स्वतःचीं अशीं कांहीं दुर्गम स्थळें आहेत. पहिलें, बोटें आधीं ठेवणें. हार्पवादक एकेक तार शोधीत जात नाहीं. पुढच्या चार स्वरांवर चारही बोटें अगोदरच टेकवून मग तीं क्रमानें सोडतो. कान या क्षणाच्या स्वरांत गुंतलेला असतांना हात पुढच्या क्षणीं पोंचलेला असावा लागतो. दुसरें, नाद थांबविणें. पियानोची पट्टी सोडली कीं स्वर थांबतो. हार्पची तार, विशेषतः खालच्या सप्तकांतली, छेडल्यावर आपणहून थांबत नाहीं. स्वरसंगति बदलली तरी मागचा खर्ज घुमतच राहतो आणि पाण्यांत चिखल कालवल्यासारखा नाद गढूळ होतो. तो तळहातानें निवविणें हें स्वतंत्र कर्म आहे. या वाद्यावर विरामसुद्धां वाजवावा लागतो. तिसरें, लांब स्वर. छेडलेला स्वर त्याच क्षणापासून विरूं लागतो, त्याला गळ्यासारखा किंवा गजासारखा मागून श्वास पुरवितां येत नाहीं. तरी चालीचा धागा तुटतां कामा नये. आणि चौथें, वर सांगितलेला लीव्हर. या स्थळांपैकीं एखाद्यावर जी रचना विद्यार्थ्याला नेते आणि तेथें पोंचल्याबद्दल त्याला कांहीं ऐकवते, ती खरी पाठ्यरचना. तिच्यांत नवी अडचण बहुधा एकच असावी. आणि निम्म्या गतीनें वाजविली तरी ती ऐकवेल इतकें सत्त्व तिच्या अंगीं असावें. कारण विद्यार्थी तिच्याबरोबर जे तीन महिने काढतो त्यांतले अडीच महिने ती निम्म्या गतीनेंच वाजत असते.

परीक्षांच्या याद्यांकडून हें काम होईल अशी कित्येकांची अपेक्षा असते. इंग्लंडांत १८८९ सालीं स्थापन झालेलें 'असोसिएटेड बोर्ड' पेडल हार्प व लीव्हर हार्प यांच्या स्वतंत्र याद्या काढतें आणि आठ इयत्तांत त्यांची वांटणी करतें. या याद्यांची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाहीं. त्यांच्या अभावीं अनेक शिक्षक अंधारांत चांचपडले असते. पण इयत्ता पायरीची उंची सांगते, जिना कोणीकडे जातो तें सांगत नाहीं. एकाच इयत्तेंत एक रचना वेगामुळें बसते, दुसरी नाद निवविण्याच्या कौशल्यामुळें. दोहोंचा आंकडा एक, मागणी मात्र परस्परविरुद्ध. ज्या मुलाचा हात धांवतो पण कान झोपलेला आहे त्याला पहिली देणें म्हणजे आगींत तेल ओतणें होय.

आतां चांगल्या उदाहरणांकडे वळूं. लीव्हर हार्पच्या विद्यार्थ्यांत सर्वाधिक वाजविला जाणारा जुना रचनाकार म्हणजे आयर्लंडांतील टर्लो ओ'कॅरोलन (१६७०–१७३८). अठराव्या वर्षाच्या सुमारास देवीच्या रोगानें त्याची दृष्टि गेली. नंतर तो हार्प शिकला आणि जन्मभर घोड्यावरून गांवोगांव फिरून आश्रयदात्यांच्या नांवें चाली रचीत राहिला. डोनल ओ'सलिव्हन यानें १९५८ सालीं त्याच्या दोनशेंहून अधिक चाली चरित्रासह प्रसिद्ध केल्या. परंतु येथें टीकाकारानें सावध राहिलें पाहिजे. कॅरोलनची चाल आपल्यापर्यंत आली. त्याचा खर्ज आला नाहीं. १७९२ सालीं बेलफास्ट येथें जुन्या हार्पवादकांचा जो मेळावा भरला तेथें एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगनें त्यांच्या चाली उतरून घेतल्या. पण १७९६ पासून त्यानें जे संग्रह छापले त्यांत त्या पियानोला जुळवून घेतलेल्या आहेत. तेव्हां आज कॅरोलनच्या नांवानें जी रचना विद्यार्थ्यापुढें येते तिचा उजवा हात कॅरोलनचा, डावा हात कोणा आधुनिक संपादकाचा. 'कॅरोलन सोपा कीं कठीण' हा प्रश्नच म्हणून निरर्थक आहे. कोणाचा डावा हात, हें विचारावें.

आणि नेमकें याच कारणामुळें तो मधल्या विद्यार्थ्याला उपकारक ठरतो. त्याची 'एलिनॉर प्लंकेट' ही संथ चाल पाहा. स्वर थोडे, गति मंद, लीव्हर फिरविण्याचें बहुधा कारणच पडत नाहीं. वरवर पाहणारा तिला पहिल्या वर्षाची समजेल. पण तिच्यांतील लांब स्वर विरत असतांना चालीचा धागा धरून ठेवावयाचा, तर कोणता स्वर किती वजनानें छेडावा याचा हिशेब आधीं करावा लागतो. आणि डाव्या हातानें फार केलें तर चाल बुडते, कांहींच केलें नाहीं तर ती उघडी पडते. येथें अडचण बोटांची नाहीं, निवडीची आहे. याच रचनाकाराची 'कॅरोलन्स कॉन्चेर्टो' (हिचेंच दुसरें नांव 'मिसेस पॉवर') अगदीं उलट प्रकृतीची: इटालियन संगीताची छाया पडलेली, आपल्या तानेसारख्या सरळ धांवणाऱ्या ओळींनीं भरलेली. चार बोटें संपल्यावर अंगठ्याखालून चौथें बोट काढून पुढची तार गांठावयाची, आणि उतरतांना अंगठा वरून आणावयाचा, ही हार्पची मूळ चालणूक हिच्यांत वारंवार येते, आणि ती साधतांच चाल खरोखर उजळते. एकाच माणसाच्या या दोन चाली. कोणत्या विद्यार्थ्याला कोणती आधीं द्यावी, यांतच शिक्षकाची परीक्षा आहे.

लीव्हरचें स्थळ ओलांडण्यासाठीं आम्ही फ्रांस्वा-जोझेफ नादेरमान (१७८१–१८३५) याच्या 'सात क्रमिक सोनाटां'पैकीं पहिलीकडे बोट दाखवूं. नादेरमान हा १८२५ सालीं पॅरिसच्या कॉन्झर्व्हात्वारमध्यें हार्पचा पहिला अध्यापक झाला. त्याच्या काळीं हार्पमध्यें एक क्रांति घडत होती: १८१० सालीं एरार यानें प्रत्येक तार दोनदां चढविणारी दुहेरी पेडलांची हार्प काढली आणि ती हळूहळू सर्वत्र रूढ झाली. नादेरमान मात्र जुन्या एकेरी पेडलांच्या हार्पलाच चिकटून राहिला. ती हार्प कोमल 'ई'च्या मेजरमध्यें लावीत, आणि तिची प्रत्येक तार अर्ध्या स्वरानें एकदांच चढे. वाचकाच्या ध्यानांत आलेंच असेल कीं आजच्या लीव्हर हार्पची व्यवस्था तंतोतंत हीच आहे. जें वाद्य इतिहासांत हरलें त्याचें संगीत असें या लहान वाद्याच्या वांट्याला वारसाहक्कानें आलें. तें येथें उसनें आणलेलें वाटत नाहीं.

फरक एवढाच कीं नादेरमानचें काम पाय करी, तें आतां हातानें करावयाचें. कोमल 'ई'पासून निघालेली सोनाटा रिवाजाप्रमाणें पांचव्या स्वराच्या सप्तकाकडे वळते, तेव्हां कोमल 'ए'चा शुद्ध 'ए' करावा लागतो. कोठें डाव्या हाताला उसंत आहे, कोणता 'ए' खरोखर लागणार आहे, कोणता लागणार नाहीं, हें विद्यार्थ्यानें कागद पुढें ठेवून आधीं शोधावयाचें असतें. येथें लीव्हर हार्पचा एक गुणही त्याच्या लक्षांत येतो. पेडलानें सर्व सप्तकांतील 'ए' एकदम बदलतात. लीव्हर मात्र प्रत्येक तारेचा निराळा असल्यामुळें वरच्या सप्तकांत शुद्ध व खालच्या सप्तकांत कोमल 'ए' एकाच वेळीं ठेवतां येतो, आणि रचना सुरू करण्यापूर्वींच निम्मी वाट मोकळी करून घेतां येते. मोठ्या हार्पला हें साधत नाहीं. 'फ्यूर एलीझे'मध्यें जो लीव्हर नुसती कटकट होता तोच येथें विचाराला प्रवृत्त करतो, आणि विद्यार्थी प्रथमच सप्तकाचें वळण बोटांनीं समजून घेतो.

अमेरिकेंत ल्युसिल लॉरेन्स व कार्लोस साल्झेडो यांनीं १९२९ सालीं प्रसिद्ध केलेल्या हार्पच्या पाठ्यपुस्तकांत साल्झेडोचीं पंधरा प्रास्ताविकें नवशिक्यांसाठीं दिलीं आहेत. तीं लिहिलेलीं पेडल हार्पसाठीं; तथापि त्यांतील कांहीं लीव्हर हार्पवर उत्तम वाजतात. त्यांचा गुण आटोपशीरपणाचा. एक कल्पना, एक अडचण, आणि ती संपली कीं रचना संपली. तार छेडल्यावर हात कसा उठतो हाही साल्झेडोच्या मतें वादनाचाच भाग, आणि या लहान रचनांत त्याला जागा ठेवलेली आहे. त्यांतल्या कांहीं प्रयोगशाळेंतल्या भांड्यांसारख्या स्वच्छ पण थंड वाटतात, हेंही सांगितलें पाहिजे. त्यांच्या जोडीला उबेचें कांहीं असावें. आजच्या स्कॉटलंडांत तें विपुल आहे. शेटलंड बेटांतील लर्विक येथें १९०० सालीं बांधलेल्या एका मासेमारीच्या गलबताच्या नांवानें कॅट्रिओना मॅके या हार्पवादिकेनें रचलेली 'स्वॅन एल्‌के २४३' ही चाल विद्यार्थ्यांना अतिशय प्रिय आहे. तिचें काठिण्य लयीचें. ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडणारे स्वर दोन्ही हातांत वांटून घेतांना कागदावर डोळे खिळवून भागत नाहीं, लाटेवरच्या नावाड्यासारखा तोल सांभाळावा लागतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. विद्यार्थ्याला जें आवडतें तें त्याला वाजवूं द्यावयाचें नाहीं काय? 'फ्यूर एलीझे'च्या ओढीनेंच जर एखादें मूल रोज अर्धा तास वाद्याजवळ बसत असेल, तर ती ओढ तोडणारे आपण कोण? आमचें उत्तर असें कीं ओढ हें विद्यार्थ्याचें भांडवल आहे, तें मोडूं नये. पण तें कोठें गुंतवावें हें सांगण्यासाठींच शिक्षक असतो. सणासुदीला पक्वान्न असावें, त्याला पथ्य म्हणूं नये. घात होतो तो विद्यार्थ्यानें मोठ्या रचनेची हौस धरण्यांत नव्हे, तर त्या हौसेच्या रचनेलाच धडा म्हणून नेमण्यांत. कारण तेथें अपयश आलें कीं त्याला आवडलेली वस्तु आणि स्वतःची कुवत या दोहोंवरचा त्याचा विश्वास एकदमच उडतो.

आरंभीं उल्लेखिलेल्या मुलीचें असेंच झालें होतें. ही रचना तिनेंच मागितली होती. सोपी आवृत्ति आली. चार महिने रोज त्या लीव्हरपाशीं ती थांबे आणि मागें फिरे. "आई, मी अडतें तें मला कळतें, पण कशासाठीं अडावयाचें तें कळत नाहीं," असें ती एकदां म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून वाद्यावर कापड पडलें. कित्येक आठवडे तें तसेंच राहिलें. पुढें तिच्या शिक्षिकेनें 'एलिनॉर प्लंकेट'ची नुसती चाल एका कागदावर लिहून दिली. डाव्या हाताची ओळ कोरी होती. तेथें काय लिहावयाचें तें तूं ठरव, एवढेंच सांगितलें.

प्रथम त्या मुलीनें पहिल्या पुस्तकांतल्या संवयीनें सारी ओळ स्वरांनीं भरून काढली. आठवड्यानें त्यांतले निम्मे खोडले. मग आणखी कांहीं. महिन्याभरानें आम्ही त्यांच्या घरीं गेलों तेव्हां डाव्या हाताच्या ओळींत फारच थोडें उरलें होतें, आणि जें होतें त्यांतला प्रत्येक स्वर कां ठेवला तें ती सांगूं शकत होती. वाजवितांना शेवटच्या ओळीच्या आधीं तिनें तळहात खालच्या तारांवर टेकवून सारा खर्ज निवविला. खोलींत एकदम इतकें शांत झालें कीं, मुलगी वाजवावयाची थांबली असें वाटून शेजारच्या खोलींतून तिच्या वडिलांनीं डोकावून पाहिलें. तिनें त्यांच्याकडे पाहिलें नाहीं. पुढच्या ओळीच्या तारांवर तिचीं बोटें आधींच ठेवलेलीं होतीं.